तोरिकाच्या नावाचा खण

शंभराव्या रात्री सुवा शहरातले सगळे नातेवाईक चटया आणि कात्री घेऊन नेतानीच्या दारात आले होते. बायको तोरिका गेल्यापासून त्याने दाढीला वस्तरा लावला नव्हता, मुळं कुटून केलेल्या यंगोना पेयाच्या वाटीला तोंड लावलं नव्हतं. त्या रात्री दाढी उतरवून सुतक संपवायचं, अशी रीत. नेतानीने सगळ्यांना पोटभर जेवू घातलं आणि परत पाठवलं.

"तिचा प्रस्ताव मंजूर होऊ दे, मग बघू."

त्यालाही पाच महिने होऊन गेले.

तोरिका विद्यापीठात शिकवायची. मुलांना प्रबंध आपल्या फिजी भाषेत लिहू द्यावा, एवढंच तिचं मागणं. अकरा वर्षं ते एका समितीतून दुसरीत फिरत होतं. तीन कुलगुरू येऊन गेले, दोन सरकारं बदलली. भाषणात भाषेचं कौतुक मात्र प्रत्येकाने केलं.

नेतानी तिथलाच सुतार. विभागातले टपालाचे लाकडी खण त्याच्याच हातचे. रोज काम सुटलं की तो तोरिकाच्या खणात हात घालायचा. दोन-तीन महिन्यांनी एखादं पत्र असायचं, 'डॉ. तोरिका, आपला प्रस्ताव विचाराधीन आहे.' ती गेल्यावरही पत्रं येत राहिली. यादीतून नाव काढायलाही कुणाला सवड झाली नव्हती. नेतानी ते पत्र घरी नेऊन तिच्या चष्म्याखाली ठेवायचा. कुणीतरी अजून तिला काही कळवतंय, याचंच त्याला बरं वाटायचं.

एका दुपारी तिचा धाकटा भाऊ इलिएसा सुतारकामाच्या शेडमध्ये आला. तो कुलसचिवांच्या कचेरीत कारकून होता.

"दाजी, दाढीत केवढा भुसा! आता पाखरं अंडी घालतील त्यात."

"तुझ्या डोक्यावर तर गवतही उगवत नाही. काम काय ते बोल."

इलिएसा फळीवर टेकला. "शुक्रवारी बैठक आहे. ताई नाही, हे त्यांना आत्ता कळलं. मांडणारं माणूस नसेल तर प्रस्ताव बाद होतो. ताईची विद्यार्थिनी मकेरेता आता तिथेच शिकवते ना, ती स्वतःच्या नावाने मांडायला तयार आहे. ताईने सुधारलेली प्रत तुमच्याकडे असेल."

"आणि पत्रं?"

"कसली पत्रं?"

"खणात येतात ती."

इलिएसाने त्याच्याकडे नीट पाहिलं. "ती मकेरेताला येतील, दाजी."

"तोरिकाचं नाव राहील कुठे?"

"शब्द देत नाही. दिला तर तोसुद्धा समितीकडे जाईल."

घरी गेल्यावर नेतानीने प्रत काढली. शेवटच्या पानाच्या कडेला तोरिकाने पेन्सिलीने लिहिलं होतं, 'मुलांना अजून किती थांबवायचं?' त्याने ते दोनदा वाचलं. सकाळी प्रत मकेरेताच्या हातात दिली. मग खणावरची तोरिकाच्या नावाची पट्टी स्वतःच्या हाताने काढली आणि मकेरेताच्या नावाची नवी ठोकली.

शुक्रवारी इलिएसा पडलेल्या चेहऱ्याने आला. "पुढे ढकलला. नोव्हेंबरात बघतील."

"बाद नाही ना झाला?"

"नाही."

"मग उद्या कात्री घेऊन या सगळे."

"पण मंजूर कुठे झालाय?"

"वाट बघायला आता मकेरेता आहे," नेतानी म्हणाला. "तुझ्या बहिणीने पुष्कळ बघितली."

शनिवारी दाढी उतरली. इतक्या महिन्यांनी घेतलेली यंगोनाची पहिली वाटी त्याला फार कडू लागली.

सोमवारी काम सुटल्यावर सवयीने त्याचा हात खणात गेला. आत पत्र होतं. त्याने नाव वाचलं, पाकीट सरळ केलं आणि परत खणात ठेवलं.