सतराव्या मिनिटाला

कुशनवाल्याच्या घरात उघडं असं काही असेल, तर ती घरातल्यांची तोंडं. बाकी झाडून सगळ्याला कव्हर होतं. मिक्सरला होतं, वजनकाट्याला होतं, टीव्हीच्या रिमोटला होतं आणि रिमोटचं कव्हर मळू नये म्हणून त्यावर आणखी एक होतं. फ्रिजला तर पुढून, मागून, वरून झालरीचा अंगरखा. हा फ्रिज अकरा वर्षं रात्रंदिवस घुरघुरतो म्हणून बायको कुरकुरायची आणि कुशनवाला म्हणायचा, वय झालं की सगळेच घुरघुरतात.

चाळीस वर्षं सोफे आणि गाड्यांच्या सीट शिवलेला हात तो. तरुणपणी त्याने म्हणे सर्कशीतल्या हत्तीला असा कोट शिवला, की हत्ती तो अंगावरून काढूच देईना. आंघोळसुद्धा कोटासकट घालावी लागली. हत्ती कोणी पाहिलेला नाही, पण कोटाचं उरलेलं कापड अजून माळ्यावर आहे, तेव्हा खोटं तरी कसं म्हणायचं?

अशा घरात थोरल्या लेकीने गेम खेळायचा कॉम्प्युटर आणला. भाग एकेक निवडून स्वतः जोडलेला. ऑफिस सांभाळून ती पाचजणींच्या टीममधून स्पर्धा खेळायची. आणि हा ऐवज बरोबर सतराव्या मिनिटाला मान टाकायचा. आधी तक्रार नाही, सूचना नाही. लढाई ऐन रंगात यावी आणि पडदा काळाठिक्कर पडावा.

लेकीने रॅम काढून पुसून परत बसवली. आतलं सगळं पुसून सॉफ्टवेअर नव्याने भरलं. प्लग बदलला. शेवटी बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. तिथे तो परक्या घरी जेवायला गेलेल्या कार्ट्यासारखा शहाण्यासारखा वागला. दोन दिवस सलग चालला, एक उचकी नाही. घरी आणला, की सतराव्या मिनिटाला राम! तीन वेळा हेच. तिसऱ्या खेपेला दुरुस्तीवाला वैतागून म्हणाला, घरात हवा खेळती ठेवा. कुशनवाल्याने घरी येऊन खिडकी सताड उघडली आणि ते काम झालं असं मानलं.

त्याचं स्वतःचं निदान निराळंच होतं. यंत्राला हादरे बसतात. म्हणून पहिल्याच दिवशी त्याने कॉम्प्युटरच्या बुडाखाली फोमची गादी शिवली होती, वर काळं रेक्झिन, कडेला गोट. अशी चपखल, की ती कंपनीतूनच आली असं वाटावं. कॉम्प्युटर पहिल्यांदा बंद पडल्यावर त्याने दोन बोटं फोम वाढवला. दुसऱ्यांदा चार बोटं. तिसऱ्यांदा दुकानातून परत आणल्यावर गादीच्या भिंती वर चढवल्या आणि डब्याभोवती पक्क्या टाचल्या. तिन्ही वेळा दुकानात जाताना मात्र तो गादी उतरवून घरी ठेवायचा. तिथल्या धुळीत ती मळली असती ना!

आता रविवार होता, पाच वाजता सामना. टीमने लेकीला गोड शब्दांत सांगितलं होतं, की आज पुन्हा मध्येच गायब झालीस तर तुझ्या जागी दुसरी घेऊ. ती घरात काही बोलली नव्हती, पण दुपारी जेवताना तिने भात नुसता इकडून तिकडे केला, तेवढं बापाला पुरलं.

चार वाजल्यापासून त्याच्या पायाला भिंगरी लागली. उंबऱ्याशी जाई, परत येई, गादीचा गोट चाचपी. बायकोने त्याला दोनदा हाताला धरून बसवलं.

"अहो, मेहेरबानी करा, आज त्या डब्याला हात लावू नका," ती म्हणाली.

पाच वाजले. लेकीने हेडफोन चढवले, म्हणजे आता ती जगाला मेली. कुशनवाला भिंतीवरचं घड्याळ बघत उभा. सहावं मिनिट, नववं मिनिट. बाराव्या मिनिटाला त्याच्या नाकपुड्या फुगल्या.

वास ओळखीचा होता. उन्हात दिवसभर उभ्या राहिलेल्या गाडीची सीट उघडली, की आतून येतो तो. तापलेला फोम.

तो गुडघ्यांवर रांगत टेबलाखाली गेला. गादीला हात लावला तर नुकताच तवा उतरवून ठेवल्यासारखी. भिंतीच्या फटीतून बोट आत सारलं. बुडाला जाळी होती, आणि जाळीला रेक्झिन आतून ओढल्यासारखं चिकटलेलं. आतला पंखा खालून हवा घेऊ बघत होता आणि त्याच्या तोंडावर कुणीतरी उशी दाबून धरली होती. ते कुणीतरी कोण, हे कळायला कुशनवाल्याला फार वेळ लागला नाही. खिडकी उघडली त्या दिवसाची आठवण होऊन त्याचे कान लाल झाले.

चौदावं मिनिट. त्याने डबा दोन्ही हातांनी अलगद वर धरला, बायकोला खुणेने बोलावलं आणि गादी ओढायला सांगितली. गादी हलेना.

"टाका फार पक्का घातलाय," बायको कुजबुजली.

"माझाच आहे. काप."

"कापू? तुमचं काम?"

"काप म्हणतो ना."

चाळीस वर्षांत त्या घरात शिवलेलं कधी कापलं गेलं नव्हतं. कात्री मखमल कापायची, मोठी. रेक्झिन करकरलं, फोमचे पिवळे तुकडे सतरंजीवर उडाले आणि गादी सुटली. वरती लेक हेडफोनमध्ये कुणालातरी डावीकडून या म्हणून सांगत होती.

आता डबा खाली ठेवावा, तर तेही जमेना. वायरींनाही त्याने खोळ शिवलेली, आणि तिचं माप गादीच्या उंचीचं. डबा खाली टेकला तर वायर निसटणार. मग काय, एका बाजूने नवरा, दुसरीकडून बायको, मध्ये डबा अधांतरी. सतरावं मिनिट आलं. दोघांनी श्वास रोखला. पंखा मोकळ्या गळ्याने गुणगुणत राहिला. अठरावं मिनिटही गेलं.

सामना आणखी एकतीस मिनिटं चालला. हातांना मुंग्या आल्या, मग मुंग्यांची वारुळं झाली. पण लग्नानंतर इतका वेळ ती दोघं समोरासमोर, न भांडता, कधी बसली नव्हती.

लेकीने हेडफोन काढले तेव्हा पायाशी आई-बाप, कात्री आणि फाटका फोम.

"दोन गुणांनी हरलो," ती म्हणाली. "पण शेवटपर्यंत होते मी. पुढच्या रविवारीही तूच, म्हणाल्या." मग खाली वाकून बघत, "बाबा, हे काय चाललंय?"

"हातातून आधी हा घे, मग सांगतो," कुशनवाला म्हणाला, आणि सांगितलंही, पहिल्या फोमपासून शेवटच्या टाक्यापर्यंत, एकही टाका न लपवता. सांगताना तो तिच्याकडे नाही, फोमकडे बघत होता.

 लेकीने सोफ्याचे चार लाकडी पाय मागितले, उंच आणि खाली मोकळे. ते डब्याच्या बुडाला बसवले. बसवल्यावर ती खो खो हसत सुटली, इतकी की डोळे पुसावे लागले.

कुशनवाला हसला नाही. तो स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून फ्रिजच्या घुरघुरीकडे कान देत होता. मग कुणाला काही न सांगता त्याने कात्री उचलली आणि फ्रिजच्या मागच्या बाजूला गेला.