कपाशीतली उंच ओळ

पांझरेकाठच्या आमच्या गावात झुलाल आणि अभिमन यांची वावरं लागून आहेत. म्हणून दोघांचा अबोला. त्यांच्या पलीकडे झुंबरबाईचं कोरडं वावर. बंधाऱ्यावरून निघालेला एक जुना पाट पूर्वी तिच्या वावरापर्यंत जायचा, असं ती सांगे. नव्वद साली जुने पाट पुन्हा खोदायचं ठरलं. खूण सापडली, तरच तिला पाणी मिळणार होतं.

"पाट? आठे वावरमा कधी व्हताच नही," झुलाल म्हणाला.

"व्हताच नही," अभिमनने री ओढली.

बोलणं तुटल्यापासून दोघांचं झालेलं हे पहिलं एकमत. कारणही साधंच. विहिरींवर मोटारी बसलेल्या, त्यामुळे पाटाच्या पाण्याची नड नाही. वावरातली पट्टी तेवढी जाणार.

मोजणीला आलेल्या मोतीलाल साहेबांनी विमानातून काढलेला फोटो बांधावर पसरला. पिकातून एक गडद रेघ थेट झुंबरबाईच्या वावराकडे गेली होती.

"बुजलेल्या पाटात गाळ असतो, त्यावर पीक जोर धरतं," साहेब म्हणाले. "पण नुसत्या फोटोवरून खुंट्या ठोकता येत नाहीत. जागेवर दिसलं पाहिजे."

"फोटोले सुरकुती पडनी व्हई," अभिमन म्हणाला.

साहेब फोटोची गुंडाळी करू लागले. झुंबरबाईने पदर खोचला.

"ऱ्हाऊ द्या, साहेब. पन झुलालभाऊ, यंदा तुन्ही कपाशी भलती बसकी दिखस."

झुलालला आईवरून बोललेलं एक वेळ चालतं, कपाशीवरून नाही.

"बसकी? चाल अक्का, दखाडस!" तो पिकात घुसला आणि छातीला लागणाऱ्या ओळीत जाऊन उभा राहिला. "मेंढीनं खत टाकेल शे, तेना जोर शे हाऊ!"

बाकीची कपाशी कमरेलाच थांबलेली.

हे अभिमनला कसं सोसावं? "त्यानी काय देखतस, साहेब? मन्ही ओळ खांदाले लागस!"

मग काय! झुलाल आपली ओळ कुरवाळत बांधापर्यंत आला, तिथून पुढे अभिमन आपली मिरवत निघाला, आणि त्याच्यामागे झुलाल, खोट काढायला. साहेब फोटो धरून पाठोपाठ. शिपाई लोटन खुंट्या ठोकतोय. वरात झुंबरबाईच्या बांधावर थांबली, तेव्हा दोघांनी मागे वळून पाहिलं.

फोटोतल्या रेघेसारखीच खुंट्यांची रांग दोघांच्या कपाशीतून आली होती. झुंबरबाई आभाळाकडे पाहत होती.

झुलाल खाकरला. "साहेब, ती मधली खुंटी जराशी डावीकडे ल्या. मन्ही ओळ वाकडी नही शे."