अडलेला रेणू

आठ वर्षं घर सांभाळून ती प्रयोगशाळेत परतली, तेव्हा तिच्या वाट्याला आलं ते सगळ्यांनी नाद सोडलेलं काम. मातीतला एक जिवाणू बुरशी मारणारं द्रव्य बनवतो. ते बनवणारी एन्झाइमांची दोन मोठी संकुलं. पहिलं अर्धा रेणू जोडून दुसऱ्याच्या हवाली करतं, दुसरं तो पुरा करतं. परीक्षानळीत मात्र दोन्ही एकेकटी ठणठणीत आणि एकत्र आणली की ढिम्म.

"सोडून द्या आता," विभागप्रमुख म्हणाले. वयानं तिच्याहून लहान, म्हणून आवाज जरा नरम. "पुढच्या महिन्यापासून दुसरं काम देतो."

"हा महिना तर माझा आहे ना?"

घरी सासूबाईंनी विचारलं, "झालं का गं तुझं औषध?"

"कुठलं, आई! एक देत नाही, दुसरं घेत नाही."

"मग आपल्याच घराण्यातली दिसतात," म्हणत त्या खळखळून हसल्या.

दुसऱ्या दिवशी तिनं दोन्ही संकुलांची आकृती पडद्यावर फिरवून फिरवून पाहिली. पहिल्याचं शेपूट, म्हणजे त्याच्या साखळीचं मागचं टोक, दुसऱ्याच्या तोंडाशी असलेल्या खाचेत बसायला हवं. आणि शुद्ध करताना पकडायला सोपं जावं म्हणून सगळे जण त्याच शेपटाला एक जादा तुकडा जोडत आले होते! खाचेत शिरणार कसं ते?

तिनं पहिल्याचं जनुक नव्यानं बांधलं, तुकडा पुढच्या टोकाला नेला. एन्झाइम नासलेल्या दुधासारखं तळाशी बसलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"मॅडम, किती हट्ट कराल?" शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली.

"होईपर्यंत."

तिनं तापमान उतरवलं, एन्झाइम बनवणाऱ्या जिवाणूंना सावकाश वाढू दिलं. या वेळी द्रावण नितळ निघालं. दोन्ही संकुलं एकत्र केली, नमुना रेणू ओळखणाऱ्या यंत्रात घातला. पडद्यावर जिथे हवा तिथेच एक बारीक उंचवटा उठला. पुरा रेणू!

"योगायोग असेल," प्रमुख म्हणाले.

"असेल. म्हणून पहिल्याचं शेपूट अख्खं कापूनही पाहिलं. हे बघा." दुसऱ्या आलेखात उंचवटा नव्हता, नुसती सपाट रेघ.

प्रमुखांनी स्टूल ओढलं. "बसा. मला पहिल्यापासून सांगा."

ती सांगू लागली. हातमोजे काढून तिनं पडद्यावर आधी ते शेपूट दाखवलं.