मिठाकडे बघणारे सासरे

उद्या आपली दाढ काढायची आहे. दाढेला कळवू नये.

चाचणी. चाचणी. कोणी आहे का? नसेल तर हरकत नाही, मीही जेवायला गेलोय.

सासरे घोरायला लागले की शेजारचा कुत्रा आधी उभा राहतो, मग कारण शोधतो.

क ख ग घ. कंटाळा आला. च.

सासऱ्यांनी भिंतीवर टिचकी मारली. भिंत म्हणाली, साहेब, मी काही केलेलं नाही.

आपले उरलेले दात मोजून सोबत आणावेत.

सासरे माझ्याशी बोलत नाहीत. मीठ हवं असलं की मिठाकडे बघतात.

*

वरचे सगळे संदेश शुक्रवारी दुपारी, चहाच्या वेळेला, एका दातांच्या दवाखान्याच्या नावानं गेले. ज्यांना गेले ती माणसं खरी होती. त्यांचे दातही बरेचसे खरे होते.

जायला हवे होते खोट्या माणसांना. दवाखान्याचा प्रोग्राम साधा होता: रुग्णाची तारीख आली की त्याच्या फोनवर आठवण जाते. तो महिनाभर नीट चालला, म्हणून त्यात सुधारणा करायचं ठरलं. सुधारणा तपासायला खोट्या रुग्णांची एक यादी होती आणि पाठवायला कसलीही वाक्यं चालत. कासव आकडे टाकायचा किंवा मुळाक्षरं. (कासव दोन बोटांनी टाइप करतो आणि सगळ्यांच्या आधी संपवतो. टोपणनाव पहिल्या दिवशी पडलं, मग बदलायला कोणाला वेळ झाला नाही.) जावई सासरे टाकायचा.

ऑफिसात त्याला जावईच म्हणतात. सासऱ्यांच्या घरात वरच्या मजल्यावर राहतो आणि रोज चहाला सासऱ्यांची एक गोष्ट घेऊन येतो.

"आज काय?" ताई विचारते. ताई टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा तिला पगार मिळतो. नसता मिळाला तरी तिनं काढल्याच असत्या.

"आज वर्तमानपत्र वाचत होते. मी आत गेलो. त्यांनी ते वर केलं."

"तोंडासमोर?"

"तोंडासमोर. उलटं होतं."

"मग तू काय केलंस?"

"मी मथळे वाचले. मान वाकडी करून."

लोक हसतात, जावईही हसतो. घरी जाताना मात्र हसत नाही. लग्नाला दोन वर्षं झाली. बायको म्हणते, बाबा मुळातच कमी बोलतात, थोडा वेळ दे. पण बाबा दूधवाल्याशी बोलतात. नळ दुरुस्त करणाऱ्याशी तर तासभर बोलले होते, हातवारे करून. एकदा, फक्त एकदा, त्यांनी आपल्याला "काय, कसं काय" म्हणावं एवढंच जावयाला हवं होतं. मागायची सोय नव्हती. म्हणून तो विनोद करायचा.

*

// तात्पुरतं. सोमवारी काढून टाकणे.

प्रोग्राममध्ये अशा दोन तिरप्या रेघांनी सुरू होणाऱ्या ओळी माणसांसाठी असतात. यंत्र त्या वाचत नाही. माणसंही वाचत नाहीत.

ही ओळ साहेबांनी लिहिलेली होती. खोट्या यादीच्या जागी खरी यादी एका दुपारपुरती जोडून बघू, म्हणाले होते. सोमवार येऊन गेला. असे बरेच सोमवार येऊन गेले. या धंद्यात तात्पुरतं म्हणजे काय, तर लिहिणारा नोकरी सोडून जातो, दुसरीकडे बढती घेतो, त्याची मुलं शाळेत जायला लागतात, आणि ते तिथेच असतं.

तोवर वाक्यं नुसती साठत होती. शुक्रवारी जावयानं पहिल्यांदाच पाठवायचं बटण दाबलं.

*

"गेले का?" कासव.

"गेले. सगळ्यांपुढे हिरवी खूण."

"माझ्या इथला फोन वाजला नाही," ताई म्हणाली. खोट्या यादीतले सगळे नंबर तिच्या खणातल्या एकाच जुन्या फोनचे होते.

"चार्जिंग संपलं असेल."

"भरलेलं आहे."

यावर जे घडतं ते प्रत्येक अशा ऑफिसात सारखंच घडतं. आधी सगळे आपापल्या पडद्याकडे बघतात. मग प्रत्येकजण आपापल्या खुर्चीवरून किंचित पुढे सरकतो. मग कोणीतरी हळूच म्हणतं, "एक मिनिट हां."

दवाखान्यातून फोन आला. स्वागतकक्षातली बाई शांत होती, आणि तेच जास्त वाईट होतं. एका बाईंनी विचारलंय, दाढेला कळवायचं नाही तर कोणाला कळवायचं. एक गृहस्थ दात मोजून स्वतः आलेत आणि समोर बसलेत. डॉक्टरांनी कळवलंय की सगळ्यांना ताबडतोब माफीचा संदेश पाठवा.

साहेबांनी माफी स्वतः लिहिली. साहेब लिहितात तेव्हा सगळे उभे राहून बघतात, म्हणून घाई होते. माफी लगेच गेली:

प्रिय रुग्णाचे नाव, आधीचे संदेश चुकून आले. क्षमस्व.

"रुग्णाचे नाव तिथे भरायचं होतं," ताई म्हणाली.

"कळलं," साहेब म्हणाले.

"नुसतं सांगतेय."

"कळलं, ताई."

संदेश कोणाकोणाला गेले ते ताई पडद्यावर बघत होती. ती मध्येच थांबली. "जावई, तुझा पत्ता काय रे?"

त्यानं सांगितला.

"आणि खालच्या मजल्यावर कोण राहतं?"

*

सासरे त्या दवाखान्यात जातात हे जावयाला ठाऊक नव्हतं. घरात कोणीच सांगितलं नव्हतं. सासऱ्यांचं काहीच त्याला कोणी सांगत नसे.

सल्ले मात्र भरपूर मिळाले.

"त्यांचा फोन तळ्यात टाक," कासव.

"तळं कुठंय?"

"मग आधी तळं बघ."

"सांग की दुसऱ्या कोणाच्या सासऱ्यांबद्दल आहे," साहेब.

"साहेब, शेजारचा कुत्रा कोणाच्या शेजारचा आहे?"

"हं."

 ताईनं बिस्किटाचा पुडा त्याच्यापुढे सरकवला. ताईनं पुडा सरकवला म्हणजे प्रकरण गंभीर.

"ते नियमातलं माणूस आहे," जावई म्हणाला. "जन्मभर इमारतींची तपासणी केली. टिचकी मारून भिंतीचं वय सांगतात. आता बोलले तर एकच वाक्य बोलतील."

"कुठलं?"

"वरचा मजला रिकामा करा."

*

संध्याकाळचं जेवण रोज खालीच असे. टेबलाच्या एका टोकाला सासरे, दुसऱ्या टोकाला जावई, मध्ये मायलेकी. मीठ सासऱ्यांपासून लांब होतं. सासऱ्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. अळणी जेवले. 

जेवण झालं. सासऱ्यांनी चष्मा लावला, फोन टेबलावर ठेवला आणि शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढली.

"आई, आपण आत जाऊ या," बायको म्हणाली.

"कशाला? मला बघायचंय," सासूबाई म्हणाल्या आणि बसल्या.

सासऱ्यांनी तोंडावर हात धरला. मान फिरवली. पेल्यात काहीतरी टणकन वाजलं. ते पुन्हा वळले तेव्हा त्यांचा चेहरा थोडा आखूड झाला होता, आणि पेल्यात कवळी होती.

"आता बोलतो," सासरे म्हणाले. "बसा."

"बसलोय, बाबा."

"तेच म्हणतो. बसूनच राहा." पेन्सिल फोनवर टेकली. "पहिलं. घोरणं. मान्य. कुत्र्याचं चूक आहे. तो उभा राहत नाही. बहिरा आहे. मी त्याच्यामागे जाऊन टाळी वाजवून बघितलंय. दुरुस्त करा."

"करतो."

"भिंत. भिंत म्हणते काही केलेलं नाही. केलंय. ओल आहे तिच्यात, तुमच्या न्हाणीघराखालची. भिंतीचं ऐकून लिहीत जाऊ नका."

"नाही, बाबा."

"क ख ग घ. हे कोणाचं?"

"कासवाचं."

 कासव पाळणारं ऑफिसही असू शकतं, अशी सासऱ्यांची मुद्रा होती. पेन्सिल खाली सरकली आणि थांबली. 

"मिठाकडे बघतात," त्यांनी वाचलं. "मग काय करू? मागायला गेलो की ही सुटते." पेल्याकडे बोट. "लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा जेवायला आलात तेव्हा ताटातच पडली. तुमच्या सासूबाईंनी वरून वाटी पालथी घातली."

"मला आठवते ती वाटी," जावई म्हणाला. "मला वाटलं खाली गोडाचं काही झाकून ठेवलंय."

"तुम्ही दोनदा विचारलंत, त्यात काय आहे म्हणून," सासूबाई म्हणाल्या.

"तात्पुरती म्हणून दिली होती डॉक्टरांनी," सासरे म्हणाले. "नीट बसवून घ्यायचं राहूनच गेलं. दूधवाल्यासमोर सुटली तर सुटू दे. तो दुधाकडे बघतो. जावयासमोर..." त्यांनी चष्मा पुसला. "तुम्हाला वाटलं, राग आहे."

"हो."

"राग असता तर बोललो असतो."

हे इतकं उघड होतं की मायलेकींनी एकदमच मान डोलावली. सासरे चिडले की बोलतात हे सगळ्या घराला, सगळ्या गल्लीला, शहरातल्या अर्ध्या बिल्डरांना ठाऊक होतं. जावयाला कोणी सांगितलं नव्हतं, कारण त्याला ठाऊक नसेल असं कोणाला वाटलंच नव्हतं.

"आणि हे बघा," सासरे म्हणाले. "माझं नाव रुग्णाचे नाव नाही. तेही दुरुस्त करा. आता मुद्द्याचं. नवी कवळी तयार आहे. बसवायची तारीख फोनवर येईल म्हणाले होते. आलं ते हे. तारीख कुठंय?"

जावयानं स्वतःचा फोन काढला, प्रोग्राम उघडला, सासऱ्यांचं नाव शोधलं.

"आज होती," तो म्हणाला. "संध्याकाळी पाचला."

 सासऱ्यांनी पेन्सिल उचलली, खिशात ठेवली. मग शांतपणे, दात नसतानाही एकेक अक्षर स्वच्छ, ते बोलायला लागले, आणि जावयाला त्या दिवशी समजलं की राग असता तर काय झालं असतं.

तो मान खाली घालून ऐकत होता. बायकोला नंतर वाटलं की तो हसत होता.

*

शनिवारी सकाळी जावयानं त्यांना स्वतः दवाखान्यात नेलं. स्वागतकक्षातल्या बाईनं त्याच्याकडे असं बघितलं की तो खुर्चीवर न बसता खुर्चीशेजारी उभा राहिला. आत पाऊण तास गेला. सासरे बाहेर आले. नवे दात थोडे जास्तच पांढरे होते.

"या जिन्याची तिसरी पायरी उंच आहे," ते म्हणाले. "कोणी पास केली?"

घरी पोचेपर्यंत त्यांनी जिना, फूटपाथ, समोरच्या बाल्कनीचा आधार, जावयाचे बूट आणि बूट घालण्याची पद्धत यांवर मत दिलं. जावई दोनदा "हो" म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणायला जागा मिळाली नाही.

// रुग्णांची यादी: खोटी जोडली. खरी काढली. खरंच काढली.

सोमवारी चहाला ताईनं विचारलं, "काय म्हणतात सासरे?"

"म्हणतात."

"काय?"

"ताई, सकाळी दाढी करत होतो. दाराबाहेरून सांगत होते, पाणी कुठे मुरतं."

"मग गोष्ट?"

"गोष्ट सांगायला मधे थांबावं लागतं ना कुठेतरी. ते थांबतच नाहीत."

कासवानं दोन बोटं कीबोर्डवरून उचलली. "तक्रार आहे का?"

जावयानं चहा संपवला. "नाही रे," तो म्हणाला.

सासऱ्यांचे पुढचे दात लग्नाच्या आधीच्या आठवड्यात गेले, मुलीचं आणि जावयाचं लोखंडी कपाट वरच्या मजल्यावर चढवताना. खालची बाजू त्यांनी धरली होती.