मायच्या पोटातले जंतू

माझी माय, मालनबाई, दोन वेळा मिळून चार-पाच भाकरी सहज खाते आणि तिच्या अंगावर चिमटीत धरायला मांस सापडत नाही. माझी बायको नीलम अर्ध्या भाकरीवर उठते आणि तिचं वजन वाढतच जातं. चूल एक, पीठ एक, भाजीची कढई एक, तरी हे असं. पूर्णा जंक्शनजवळच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांनी याचं उत्तर केव्हाच शोधलं होतं. नीलम म्हणे चोरून खाते! हे ऐकलं की माझं टाळकंच फिरतं. अहो, त्या घरात मी राहतो. डब्यातले शेंगदाणे कमी होतात ते माझ्यामुळे.

त्यात सोनपेठला नीलमच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. ज्याला तिनं कडेवर घेऊन वाढवलं, त्याचं लग्न. आणि ही म्हणाली, “मी न्हाई येणार. तिथं लोक जेवायचं सोडून माझ्याकडंच बघत बसतेत.” मी समजावलं, चिडलो, पुन्हा समजावलं. तिनं जेवण आणखी कमी केलं. उठता-बसता तिला गरगरायचं, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

त्याच सुमारास एका मेडिकल कॉलेजची मंडळी क्वार्टरमध्ये आली. एकाच चुलीवर जेवणारी एक जाड आणि एक बारीक व्यक्ती त्यांना हवी होती. दोघींच्या आतड्यातले जंतू तपासायचे होते. आमच्या घरात पाय टाकताच त्यांना लॉटरी लागली. नमुना कशाचा द्यायचा ते कळल्यावर माय पदर तोंडाला लावून पोट दुखेस्तोवर हसली. “इतकं शिकून हेच न्यायला आलात व्हय गं?”

त्यांच्यातल्या प्रियांका मॅडम मात्र मोठ्या गोड. मायजवळ जमिनीवर बसून त्यांनी सगळं सांगितलं. पोटात अब्जावधी जंतू असतात, ते आपलं अन्न पचवायला मदत करतात, आणि कुणाचे जंतू त्याच भाकरीतून जास्त ताकद ओढून घेतात. एका प्रयोगात जाड उंदराचे जंतू बारीक उंदराच्या पोटात सोडले, तर खाणं तेवढंच असूनही तो जाड झाला.

“आन् बारकाचे जाड्याला दिले तर?” मायनं विचारलं.

“उंदरांमध्ये थोडा फरक पडलाय, आजी. माणसांचं अजून नक्की नाही.”

मायनं मान डोलावली. यातलं तिनं अर्धंच ऐकलं होतं, हे मला पुढे कळलं.

आता आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे उष्टं चालत नाही. माझी आजी नवी नवरी होती तेव्हा गावकीच्या कामाच्या बदल्यात आमच्या माणसांना दारोदार फिरून उष्ट्या-शिळ्या भाकरी आणाव्या लागत. धम्म स्वीकारला त्या वर्षी आजीनं भाकरी मागायची ती टोपली चुलीत घातली आणि सांगितलं, या घरात यापुढे कुणी कुणाचं उष्टं खाणार नाही. मायनं सासूचा शब्द इतका पाळला, की लहानपणी माझ्या ताटात उरलेलं तीसुद्धा कधी खायची नाही. ते शेळीच्या पुढ्यात जायचं.

म्हणून त्या सुट्टीच्या दुपारी मी जे पाहिलं त्यावर माझा विश्वास बसेना. मी हात धुऊन जेवायला येत होतो. मायनं भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवला, अर्धा दातानं तोडला आणि उरलेला अर्धा नीलमच्या ताटात ठेवला. नीलमनं मान खाली घालून तो खाल्ला.

“माय! काय करायलीस तू?” मी ओरडलोच.

माय दचकली. “काय न्हाई रे. बस जेवायला.”

“उष्टं? ह्या घरात? सुनंला?”

“ऱ्हाऊ द्या हो,” नीलम म्हणाली. “लय दिस झाले, रोजच चालू हाय. लोकांनी आत्याचे कान भरले असतील, की मी चोरून खाती. त्या मला माझी जागा दाखवायल्यात.” आणि इतके दिवस दाबून धरलेलं तिचं रडू फुटलं.

मायचा चेहरा उतरला. हातातला घास तसाच राहिला.

“जागा? कसली जागा गं पोरी? मॅडम म्हनल्या न्हाई का, बारकाचे जंतू जाड्याच्या पोटात गेले की उतार पडतो म्हनून? माझ्या पोटात लय हायत. मला म्हातारीला काय करायचेत एवढे? घासा-घासानं तुला देत होते. तुझ्या भावाचं लगीन हाय ना.”

“आन् आजीचा शब्द?” मी विचारलं. माझा आवाज आता खाली आला होता.

“कुठं मोडला?” माय म्हणाली. “दुसऱ्यानं टाकलेलं खायचं न्हाई, असा शब्द होता तो. मी टाकलं न्हाई रे, दिलं.”

मला त्या बाईचे पाय धरावेसे वाटले. नीलमनं पदरानं डोळे पुसले आणि सरकून मायला चिकटून बसली.

संध्याकाळी मी प्रियांका मॅडमना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा मध्ये ठेवला. दुपारचं सगळं ऐकून मॅडम आधी हसल्या, मग म्हणाल्या, “आजी, असं घासातून नाही हो होत. आणि नीलमताई, तुम्ही जेवता किती?”

“अर्धी भाकर.”

“मग त्या जंतूंनी काय खायचं? ज्वारी, डाळ, पालेभाजी यांच्या चोथ्यावर चांगले जंतू जगतात. तुम्ही उपाशी राहिलात की तेही उपाशी. वजन किती उतरेल ते मी सांगू शकत नाही. पण वाढलेलं वजन म्हणजे चोरून खाणं नव्हे. त्यात जंतूंचा वाटा असतो, अंगाच्या ठेवणीचा असतो, आणखी बरंच काही असतं. तुमचा काही गुन्हा नाही.”

“परत एकदा म्हना, मॅडम,” नीलम म्हणाली.

मॅडमनी परत एकदा म्हटलं.

त्या रात्री नीलमनं पूर्ण भाकरी खाल्ली, मेथीच्या भाजीबरोबर. मायनं ताजी, तव्यावरची वाढली. पुढे लग्नापर्यंत वजन फारसं हललं नाही, पण गरगरणं थांबलं आणि माझी बायको पुन्हा भांडायला लागली. मला बरं वाटलं.

सोनपेठला आम्ही तिघंही गेलो. मंगल परिणय झाला, पंगत बसली. नीलम आणि माय शेजारी, मी समोर. वाढता वाढता नीलमची चुलती चांगुणाबाई थबकली आणि चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “नीलम, केवढी सुटलीस गं! घरी लपून-छपून चालू दिसतंय.”

आजूबाजूची तोंडं थांबली. मला संताप आला, मी उठणारच होतो. मायच्या हातात बुंदीचा अर्धा खाल्लेला लाडू होता, तीही काहीतरी बोलायला वळली. तेवढ्यात नीलमनं तो लाडू तिच्या हातातून घेतला आणि सगळ्यांदेखत तोंडात टाकला.

“बघा काकू,” ती म्हणाली, “लपून न्हाई खात. समद्यांम्होरं खाती. माझ्या आत्याच्या हातचं.”

चांगुणाबाई लाडवांचं ताट घेऊन पुढे सरकली.

माय नीलमच्या कानाशी लागली. “येडी का काय तू? मॅडम म्हनल्या ना, त्यानं काय उपेग होत न्हाई.”

“माहीत हाय,” नीलम म्हणाली आणि मायपुढे हात पसरला. “आनखी एक घास द्या.”