इस्त्रीवाल्याकडे दिलेलं गाणं

त्या दिवशी आई लेकीवर चिडलेली होती, म्हणजे दिवस अगदी नेहमीसारखा होता.

मागच्या खोलीला आई स्टुडिओ म्हणायची आणि मामा अडगळ. तिथे कॉम्प्युटरसमोर बसून आई एका गाण्याचे आवाज सुटे करत होती. चाल तिची, वाद्यं तिने बसवलेली, वादकांकडून ओरडून ओरडून वाजवून घेतलेली. आता प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल काढून ती मिक्सिंगसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला पाठवायची होती. तिथला माणूस सगळे आवाज एकमेकांत नीट बसवून गाणं पुरं करणार होता. त्याला आईने इस्त्रीवाला असं नाव ठेवलं होतं. काहीही द्या, सपाट होऊन परत येतं.

"मग देतेस कशाला त्याच्याकडे?" लेकीने विचारलं. ती एका प्रकाशनात मुद्रितं तपासायची आणि त्या दिवशी गठ्ठा घेऊन घरीच बसली होती.

"निर्मात्याचा मेहुणा आहे. मेहुण्यापुढे कुणाचं चाललंय?"

लेकीने मान वर करून पडद्याकडे पाहिलं. व्हायोलिन तिसऱ्या कडव्यात येत होतं. त्याआधीचा सगळा कोरा भाग आईने उडवला आणि पहिला सूर लागतो तिथपासून फाइल काढली. बासरीचंही तेच केलं.

"आई, सगळ्या फाइली गाण्याच्या सुरुवातीपासून काढ. कोऱ्या भागासकट. नाहीतर कोण कधी येतं ते त्याला कळणार कसं?"

"कोरं काय पाठवायचं? रिकामे डबे कुणी पार्सल करतं का?"

"सगळे असंच करतात."

"सगळ्यांची गाणी ऐकतेस ना?" आईने चष्मा कपाळावर सरकवला. "त्याचा फोन आला की सांगीन मी. अख्खं गाणं डोक्यात आहे माझ्या. आणि त्याला कान असतील तर सांगावंही लागणार नाही."

"कर तुला काय करायचं ते."

"करतेच आहे."

फाइली रवाना झाल्यावर आईने गाणं एकदा पहिल्यापासून लावलं आणि विचारलं, "कसं वाटतंय?"

त्या घरात कौतुकाला फार टंचाई होती. आईच्या लेखी गाणी तीन जातींची: 'अरे देवा', 'ऐकलं' आणि, क्वचित कधी, 'चालेल'. लेकही तीच भाषा शिकली होती. मुद्रितावरची नजर न काढता ती म्हणाली, "चालेल." आई खूश झाली असावी. चहा तिने केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी निवडता निवडता आई ओट्यापाशी कोसळली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

मग माणसं येऊ लागली. आलेल्यांनी आईला पार मऊ करून टाकलं. कोणी म्हणालं मितभाषी, कोणी म्हणालं मायाळू, आणि जिला आईने दोनदा खोलीबाहेर काढलं होतं ती गायिका म्हणाली की ताईंच्या तोंडून कधी कटू शब्द ऐकला नाही. आई असती तर तिने विचारलं असतं, कोण गेलंय?

मामाने शोकसभा ठरवली. मामाला ठरवायला आवडायचं. सभेत ताईचं शेवटचं गाणं वाजवायचं, असंही त्याने परस्पर ठरवलं, आणि आदल्या दुपारी तो इस्त्रीवाल्यालाच घेऊन घरी आला. गृहस्थ गुळगुळीत होता. बसण्याआधी त्याने खुर्ची झटकली.

गाणं सुरू झालं आणि लेकीच्या हातातला कप तसाच राहिला. सगळी वाद्यं एकदम आत आली, बस लागल्यावर माणसं एकाच दारातून घुसतात तशी. तिसऱ्या कडव्याचं व्हायोलिन पहिल्या क्षणाला हजर. बासरी त्याच्या पायात. गायिका त्या दोघांच्या वरताण. ज्यांचं काम लवकर संपलं ते निघून गेले आणि शेवटी एकटी हार्मोनियम उरली, कार्यक्रम उठल्यावर खुर्च्या आवरणाऱ्या माणसासारखी.

"धाडसी आहे," इस्त्रीवाला हळू आवाजात म्हणाला. "शेवटी शेवटी ताईंनी नियमच मोडले सगळे. मनातली कालवाकालव उतरलीय."

मामाने डोळे पुसले. "तिला कळलं होतं."

"काय कळलं होतं?" लेकीने विचारलं.

"जायची वेळ आली ते."

"मामा, ती भाजी निवडत होती." मग ती पाहुण्याकडे वळली. "व्हायोलिन तिसऱ्या कडव्यातलं आहे. तुम्हाला काही खटकलं नाही?"

"खटकलं ना. म्हणून तर घुमारा वाढवला."

"फोन करून विचारायचंत."

"कलाकाराच्या हेतूत मी ढवळाढवळ करत नाही."

"जाऊ दे गं," मामा म्हणाला. "उद्या सभा आहे. लोकांना काय कळतंय?"

लोकांना कळलं नसतंच. माना डोलावल्या असत्या सगळ्यांनी, आणि आई कायमची असला गोंधळ घालून गेलेली बाई ठरली असती. मायाळू, मितभाषी आणि बेसूर.

"बसा दोघं," लेक म्हणाली. "नव्याने काढून देते."

आईची खुर्ची तिला ठेंगणी पडली. पडद्यावर प्रत्येक वाद्याची पट्टी आपापल्या जागी होती, पुढे आपला कोरा भाग घेऊन. तिने एकेक फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत काढली आणि व्हायोलिनची तपासायला लावली.

काहीच ऐकू येईना. पंखा तेवढा कुरकुरत होता.

"यात काही नाही," इस्त्रीवाला म्हणाला.

"आहे. थांबा."

"पुढे सरकवा ना जरा."

"नाही."

मामाने घसा खाकरला. इस्त्रीवाल्याने घड्याळ पाहिलं, मग नखं. दोन कडवी होतील इतका वेळ तिघं रिकाम्या आवाजासमोर बसून राहिले, आणि मग व्हायोलिनचा एक लांब, एकटा सूर आला. मामाचा हात खाकरायला वर गेला होता, तो तिथेच थांबला. लेकीला वादकाचा चेहरा आठवला. आईने त्याला ताटकळत ठेवलं होतं, तो वैतागला होता, आणि आई म्हणाली होती, पगार वाजवण्याचा नाही, थांबण्याचा आहे. त्या वेळी लेक शेजारी बसून कुणाच्या तरी कादंबरीतले स्वल्पविराम मोजत होती.

इस्त्रीवाला म्हणाला, "असं होय. पण मग ताईंनी चुकीचं पाठवलं."

"हो, चूक तिचीच. तिला वाटलं, तुम्हाला कान आहेत."

मामाने पाहुण्याला जिन्यापर्यंत सोडायच्या निमित्ताने पळ काढला. फाइली गेल्या. सकाळपर्यंत करून देतो, काही सपाट करणार नाही, असं इस्त्रीवाल्याने दारातून कबूल केलं.

लेक परत येऊन त्याच ठेंगण्या खुर्चीत बसली आणि तिने आईचं मूळ गाणं पहिल्यापासून लावलं. आज हातात मुद्रितं नव्हती. बासरी आपल्या वेळी आली, व्हायोलिन आपल्या वेळी. गाणं संपलं. इथे आई चष्मा कपाळावर सरकवून विचारायची. सवयीने लेकीच्या ओठांवर तोच शब्द आला आणि तिने तो गिळला.

"छान झालंय, आई," ती त्या रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली. "फार छान झालंय."