माठात कोंबलेलं लुगडं

स्पिरिटचा उग्र वास आणि हिवाळ्याचं कोवळं ऊन एकदम भेटलं की मला यशोदामावशी दिसते. रविवारची सकाळ, दारात सतरंजी, पुढ्यात झाकण उघडलेला टेपरेकॉर्डर. काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून ती त्याचं हेड, फीत जिथे घासून जाते ती जागा, पुसायची, तान्ह्या मुलाचे चिकटलेले डोळे पुसावेत तशी. कापूस तपकिरी व्हायचा आणि आवाजावरचं धुकं विरत जायचं.

आवाज तिच्या नवऱ्याचा, आमच्या काकांचा. काका रेल्वेत होते, गाणी स्वतः रचायचे. इगतपुरीच्या क्वार्टरमध्ये भर पावसात भरलेली ती एकच कॅसेट. ते गेल्यावर त्यांचा तेवढाच आवाज उरला. मावशीने खरखर पुसून काढली, तेव्हा मागे राहिला तो खरा इगतपुरीचा पाऊस, आणि त्याला न जुमानता उभा असलेला एक गळा.

आमच्या वस्तीत तेव्हा स्पीकर माठाच्या तोंडावर बसवायची रीत होती. माठ घुमायचा, पत्रे थरथरायचे आणि अंबडच्या कारखान्यांतून पाळी संपवून आलेल्या पोरांची छाती फुगायची. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या हळू बोलायला लावलं, त्यांना दणक्याचं वेड लागणारच. एका वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला विहारासमोर काकांचं गाणं लागलं. शेवटची ओळ काका खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखी म्हणत. ती माठाने अख्खी गिळली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशीचे हात मांडीवरच राहिले.

मग ती उठली. घरातून स्वतःच्या लग्नातलं पांढरं लुगडं घेऊन आली, स्पीकर उचलला, लुगडं माठात कोंबलं आणि स्पीकर परत वर बसवला. घुमणं बसलं.

"मावशी, दणकाच गेला ना," शेजारचा मोहन कुरकुरला.

"दणका गेला, शब्द आला. तुला नाचायचंय का ऐकायचंय?"

"दोन्ही."

"मग आधी ऐक. काय म्हणतोय ते कळू दे, मग नाच हवा तेवढा."

गाणं पुन्हा लागलं, शेवटची ओळ आली. "वाट मागत नाही आम्ही, वाट आहोत आम्ही." या वेळी टाळी पडली नाही. पलीकडच्या बंगल्यातले अण्णा नेहमीसारखे गच्चीवर आले, "अहो, आवाज कमी करा जरा." मावशीने बटण फिरवलं. "केला हो कमी. शब्द मात्र पुरते येतील तुमच्यापर्यंत." आणि ते आले. अण्णा बराच वेळ आत गेले नाहीत.

दर रविवारी ती कॅसेट वाजू लागली, तशी माझी आई कासावीस व्हायची. "झिजेल गं ती. पेटीत ठेव."

"पेटीत ठेवायला तो काय दागिना आहे? बोलणारा माणूस होता. बोलू दे."

फीत झिजलीच. मावशीही गेली. आता रविवारी हेड मी पुसतो, आणि माठात तेच लुगडं आहे. शेवटच्या ओळीच्या जागी फितीत नुसता पाऊस उरलाय. ती जागा आली की मोहन ती ओळ बोलतो, माझी आई बोलते, दारातून जाणारी बाई पाटी डोक्यावर तशीच ठेवून थांबते आणि बोलते, काकांच्याच खालच्या पट्टीत. फीत झिजवणं काळाच्या हातात आहे. पण जे आम्ही एकदा लख्ख ऐकलं ते परत न्यायचं, तर त्याला आमच्या एकेकाच्या तोंडावर हात ठेवावा लागेल.